उसन्या पुस्तकांचा कोशकार : डॉ. सॅम्युअल जॉन्सन

(एस. वाय. बी. ए.)

गेल्या वर्षी सहामाही परीक्षेच्या आधीची गोष्ट. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासाचे एक जाडजूड पुस्तक आहे. त्याची प्रत एकच, आणि तीही घरी न्यायची नाही, तिथेच बसून वाचायची. रोज दुपारचे तास संपले की मी ते पुस्तक मागून घेई आणि दोनशे पानी वहीत ते उतरवून काढी. झेरॉक्सला पानामागे पैसे पडतात, हाताला पडत नाहीत, एवढाच माझा हिशेब होता. एके दिवशी शेजारी बसलेल्या वरच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने माझ्या वहीकडे पाहिले आणि हसून विचारले की, ही पुस्तकाची चोरी आहे हे तुला ठाऊक आहे ना?

त्याने ते थट्टेने विचारले असेल. माझ्या मनाला मात्र ते फार लागले. माझे वडील गवंडीकाम करतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. आई दुसऱ्याच्या शेतावर जाते. आमच्या घरात पुस्तक म्हणजे भिंतीवरच्या खुंटीला टांगलेले पंचांग आणि देव्हाऱ्यातील पोथी. कॉलेजची पायरी चढणारी घराण्यातील मीच पहिली. पहिलीपासून आजपर्यंत मी जे काही शिकले, ते सारे उसन्या पुस्तकांवर आणि मागून आणलेल्या वह्यांवर. उतरवून घेणे ही जर चोरी असेल, तर माझे सारे शिक्षणच चोरीचे ठरेल!

मी हा प्रश्न आमच्या इंग्रजीच्या सरांना विचारला. त्यांनी सरळ उत्तर दिले नाही. सुट्टीत डॉ. सॅम्युअल जॉन्सनचे चरित्र वाच, म्हणाले. हा प्रश्न त्यालाही पडला होता आणि एकदा नव्हे, जन्मभर पडला होता. त्या सुट्टीत मी जे वाचले आणि मला जे उमगले, ते माझ्या वर्गबंधू-भगिनींना सांगावे म्हणून हा लेख.

सॅम्युअल जॉन्सनचा जन्म १८ सप्टेंबर १७०९ रोजी इंग्लंडमधील लिचफिल्ड या गावी झाला. वडील मायकेल जॉन्सन पुस्तकविक्रेते. पुस्तकविक्रेत्याचे घर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर सुखवस्तू चित्र उभे राहते. पण या घरात पुस्तके उदंड आणि पैसा मात्र बेताचाच. बाळ जन्मतः अशक्त, त्यात गंडमाळांचा विकार जडला. राजाच्या स्पर्शाने हा रोग बरा होतो अशी त्या काळी लोकांची श्रद्धा होती. म्हणून १७१२ साली आई त्या अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन लंडनला गेली आणि राणी ॲनने त्याला स्पर्श केला. रोग काही गेला नाही. मानेवर व्रण राहिले आणि दृष्टी जन्मभर अधू झाली. पण इतिहासाची गंमत अशी, की याच राणीच्या कारकिर्दीत, १७१० साली, ग्रंथकाराच्या हक्काचा पहिला कायदा अंमलात आला. नव्या पुस्तकाचा हक्क चौदा वर्षे, आणि ती मुदत संपताना लेखक हयात असेल तर आणखी चौदा वर्षे. जुन्या पुस्तकांचा हक्क एकवीस वर्षे, अशी त्यात मर्यादा होती. आज आपण ज्याला कॉपीराइट म्हणतो, त्याचा उगम येथे आहे. जॉन्सन आणि हा कायदा जणू एकाच पाळण्यात वाढले.

अधू डोळ्यांचा हा मुलगा वडिलांच्या दुकानात बसून हाताला येईल ते वाचत सुटे. गावच्या शाळेत त्याची बुद्धी सर्वांच्या नजरेत भरली. ऑक्टोबर १७२८ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक कॉलेजात दाखल झाला. एकोणीस! माझेही वय आज तेवढेच आहे. जवळच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात त्याचा एक बालमित्र शिकत होता. तेथील अध्यापकांची व्याख्याने उत्तम असत. जॉन्सन त्या मित्राकडे जाई आणि ती व्याख्याने त्याच्या तोंडून ऐकून घेई. एके दिवशी त्याच्या ध्यानात आले की आपल्या फाटक्या जोड्यांतून बाहेर डोकावणारी बोटे तेथील श्रीमंत मुले पाहत आहेत. त्याने तिकडे जाणेच सोडले. कुणा दयाळू माणसाने त्याच्या खोलीच्या दाराशी नव्या जोड्यांचा जोड ठेवला, तर त्याने तो रागाने भिरकावून दिला. तेरा महिने कसेबसे काढून, पैशाअभावी, पदवी न घेताच तो घरी परतला.

हा प्रसंग वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. उसनी ज्ञानशिदोरी त्याला अपमानाची वाटली नाही. उसने जोडे मात्र वाटले. यातला फरक ज्याच्या घरी दोन्ही उसने आहे त्यालाच नीट कळेल.

१७३१ च्या डिसेंबरात वडील वारले. जॉन्सनने शिक्षकाची नोकरी करून पाहिली. १७३५ साली वयाने वीस वर्षांनी मोठ्या अशा एलिझाबेथ पोर्टर या विधवेशी विवाह केला आणि एडियल येथे स्वतःची शाळा काढली. शाळेत विद्यार्थी मोजकेच. त्यांत पुढे महान नट म्हणून गाजलेला डेव्हिड गॅरिक होता. शाळा बुडाली. मार्च १७३७ मध्ये गुरू आणि शिष्य दोघेही नशीब काढायला लंडनला निघाले.

लंडनमध्ये एडवर्ड केव्ह नावाचा प्रकाशक जेंटलमन्स मॅगझिन नावाचे मासिक चालवीत असे. जॉन्सन त्या मासिकाचा पडेल ते काम करणारा लेखक झाला. भाषांतरे, कविता, चरित्रे, आणि पार्लमेंटमधील वादविवादांचे वृत्तान्तदेखील. पार्लमेंटची भाषणे छापायला त्या वेळी बंदी होती. म्हणून लिलिपुट देशाच्या सभेतील भाषणे अशा बुरख्याखाली ती छापली जात. मिळालेल्या त्रोटक टिपणांवरून जॉन्सन ती भाषणे आपल्या मनाने रचून लिही. लोक ती खरीच समजू लागले, तेव्हा त्याला त्याचा पस्तावा झाला आणि त्याने ते काम सोडले.

याच मासिकामुळे १७३९ साली आपल्या विषयाचा प्रश्न त्याच्यापुढे प्रथम उभा राहिला. डॉ. ट्रॅप नावाच्या धर्मोपदेशकाची काही प्रवचने पुस्तकरूपाने निघाली होती. केव्हने त्यांचा संक्षेप मासिकात छापायला घेतला. मूळ पुस्तकाच्या मालकांनी हरकत घेतली. तेव्हा जॉन्सनने केव्हच्या बाजूने एक मुद्देसूद टिपण लिहून दिले. ते छापून आले १७८७ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर. त्यातील विचार थोडक्यात असा : पुस्तक एकदा प्रसिद्ध झाले की ते वाचकाच्या परीक्षेला बसते. वाचक त्याचे खंडन करू शकतो, आणि खंडनामुळे पुस्तकाचा खप बसला तरी तो काही गुन्हा होत नाही. त्याचप्रमाणे एखाद्याने लांबलेल्या ग्रंथाचा सार काढला तर त्यात लोकांचा वेळ आणि पैसा वाचतो आणि ज्ञान अधिक दूरवर जाते. लेखकाच्या नफ्याला थोडा धक्का लागेल हे खरे, पण ज्ञानाचा प्रसार हे सर्वांचे हित आहे.

पुढच्याच वर्षी, १७४० मध्ये, न्यायाधीश लॉर्ड हार्डविक यांच्यापुढे गाइल्स विरुद्ध विल्कॉक्स हा खटला आला. कायद्याच्या एका मोठ्या ग्रंथाचा संक्षेप दुसऱ्याने छापला होता. हार्डविक यांनी फरक केला. नुसती काटछाट करून तेच पुस्तक नव्या नावाने विकणे वेगळे, आणि स्वतःची बुद्धी व श्रम खर्चून खराखुरा संक्षेप करणे वेगळे. पहिल्याला त्यांनी मनाई सांगितली, दुसऱ्याला मोकळीक दिली. कायद्यात आज ज्याला उचित वापर म्हणतात त्याचे बीज या फरकात आहे.

जॉन्सनला या प्रश्नाचा चटका स्वतःच्या अंगालाही बसला. १७४५ साली त्याने शेक्सपिअरच्या नाटकांची नवी, शुद्ध केलेली आवृत्ती काढण्याचे योजले. मॅक्बेथवरील टिपणे नमुन्यादाखल प्रसिद्धही केली. लगेच टॉन्सन नावाच्या बड्या पुस्तकविक्रेत्याने केव्हला बजावले की शेक्सपिअरचा हक्क आमच्याकडे आहे, पुढे पाऊल टाकाल तर कोर्टात खेचू. शेक्सपिअर वारला १६१६ साली. म्हणजे मरून १२९ वर्षे झालेल्या कवीच्या शब्दांवर एका दुकानदाराचे कुलूप! राणी ॲनच्या कायद्यातील मुदत केव्हाच संपली होती. पण लंडनचे पुस्तकविक्रेते म्हणत की कायद्याच्या वर रूढीचा हक्क आहे आणि तो अनंत काळ चालतो. केव्ह आणि जॉन्सन यांच्याजवळ कोर्टात जाण्याइतका पैसा कुठला? योजना बारगळली. ती आवृत्ती निघायला १७६५ साल उजाडले, आणि तीही टॉन्सनच्या घराण्याला भागीदार करूनच.

शेक्सपिअरचे दार बंद झाले, पण वर्षभरातच दुसरे दार उघडले. १८ जून १७४६ रोजी लंडनच्या काही पुस्तकविक्रेत्यांनी जॉन्सनशी इंग्रजी भाषेचा मोठा कोश रचण्याचा करार केला. मोबदला १५०० गिनी. लेखनिकांचा पगार, कागद, सारे त्यातूनच भागवायचे. जॉन्सनने तीन वर्षांत काम संपवतो असे सांगितले. लागली जवळजवळ नऊ वर्षे. लंडनच्या गफ स्क्वेअरमधील घराच्या पोटमाळ्यावर एखाद्या कचेरीसारखी मेजे मांडली गेली. सहा लेखनिक कामाला बसले. त्यांतले पाच स्कॉटलंडचे. जॉन्सन स्कॉटलंडच्या लोकांची थट्टा करण्यात पटाईत म्हणून प्रसिद्ध, पण पोटाशी धरली ती त्याच देशाची माणसे, आणि पुढेही त्यांच्या अडीअडचणीला तो धावून गेला.

या कामाची रीत मला सर्वांत मोहक वाटली, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगते. आधीच्या कोशांतील शब्द उचलून नवा कोश करणे सोपे होते. जॉन्सनने तेवढ्यावर भागवले नाही. शब्दाचा अर्थ तो शब्द थोरांनी कसा वापरला यावरून ठरवायचा, असे त्याने मनाशी धरले. त्यासाठी शेक्सपिअर, मिल्टन, ड्रायडन, बेकन, लॉक अशा लेखकांची पुस्तके तो एकामागून एक वाचत गेला. वाचताना हातात शिसपेन्सिल. उपयोगी शब्द दिसला की त्याखाली रेघ, उतारा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याची खूण, आणि समासात त्या शब्दाचे पहिले अक्षर. मग ते पुस्तक लेखनिकांकडे जाई. ते उतारा कागदावर उतरवून घेत, आणि अक्षरवार लावून ठेवत. कितीतरी पुस्तके जॉन्सनची स्वतःची नव्हती. मित्रांकडून आणलेली होती. ती परत जात तेव्हा रेघोट्यांनी इतकी भरलेली असत की मालकाने कपाळाला हात लावावा. पुढे मात्र तीच खराब झालेली पुस्तके लोक कौतुकाने जपू लागले.

काम सुरळीत झाले असेही नाही. एकदा बराच मजकूर कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहिला गेला आणि छपाईसाठी तो पुन्हा एका बाजूला उतरवून काढावा लागला. त्या कागदापायीच वीस पाउंड गेले, असे त्याचा चरित्रकार बॉस्वेल सांगतो. जमवलेले उतारे इतके झाले की कोश उचलता आला नसता. मग निम्म्याहून लहान करून, छाटून ते बसवावे लागले. १७५२ च्या मार्चमध्ये पत्नी वारली. ज्या लॉर्ड चेस्टरफील्डच्या आश्रयाच्या आशेवर त्याने कोशाचा आराखडा त्याच्या नावे केला होता, त्याने वर्षानुवर्षे ढुंकून पाहिले नाही, आणि काम संपत आल्यावर मात्र कौतुकाचे लेख लिहिले. त्याला जॉन्सनने फेब्रुवारी १७५५ मध्ये लिहिलेले पत्र आश्रयदात्यांच्या युगाला दिलेला निरोप म्हणून प्रसिद्ध आहे. १५ एप्रिल १७५५ रोजी कोश दोन मोठ्या खंडांत बाहेर पडला. ४२,७७३ शब्द आणि सुमारे १,१४,००० उतारे! जेथे पदवीविना बाहेर पडावे लागले होते, त्या ऑक्सफर्डने कोश निघण्याच्या तोंडावर त्याला एम. ए. ही पदवी दिली.

आता पाहा. १७४५ साली ज्या शेक्सपिअरचे एक नाटक छापायला टॉन्सनची हरकत आली, त्याच शेक्सपिअरच्या हजारो ओळी १७५५ साली कोशात छापल्या गेल्या. हे कसे? मला वाटते ते असे. ज्याला हॅम्लेट वाचायचे आहे तो काही कोश विकत घेणार नाही. कोशात शेक्सपिअरची ओळ कविता म्हणून येत नाही, पुरावा म्हणून येते. नाटकाचा रस जेथला तेथेच राहतो; कोशकार फक्त शब्द कसा चालतो हे पाहून घेतो. आपल्याकडे दाते आणि कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला. त्यातही शब्दाखाली जुन्या ग्रंथांतील आधार दिलेले आढळतात. ही वाट जगभरच्या कोशकारांची आहे.

आणि आज हीच वाट यंत्राची झाली आहे. जॉन्सनची पेन्सिल आणि सहा लेखनिक यांचे काम आता संगणक करतो. हजारो ग्रंथ, शोधनिबंध, वर्तमानपत्रे त्यात भरायची, आणि कुठला शब्द केव्हा आला, कुठल्या औषधाबरोबर कुठल्या रोगाचे नाव वारंवार येते, हे त्याच्याकडून शोधून घ्यायचे. याला टेक्स्ट अँड डेटा मायनिंग असे नाव आहे; खाणीतून धातू काढावा तसा मजकुरातून तथ्य काढण्याचा हा उद्योग. अडचण एवढीच की माणूस डोळ्यांनी वाचतो तेव्हा प्रत होत नाही, पण यंत्राला वाचायचे म्हणजे आधी प्रत करावी लागते. आणि प्रत म्हटली की कॉपीराइट आडवा येतो. जॉन्सनच्या माळ्यावरही उतारे उतरवलेच जात होते. मग संशोधकाने प्रत्येक पानासाठी परवाना मागत फिरायचे काय?

निरनिराळ्या देशांनी याची निरनिराळी उत्तरे दिली. ब्रिटनने २०१४ साली, ज्याला मजकूर वाचण्याचा रीतसर अधिकार आहे त्याला बिनव्यापारी संशोधनासाठी यंत्राने तो तपासण्याची सूट दिली. अमेरिकेत ग्रंथालयांच्या आणि गूगलच्या पुस्तकसंग्रहांवरून खटले झाले. तेथील न्यायालयाने २०१४ आणि २०१५ साली, शब्द शोधता यावेत म्हणून पुस्तकांच्या यंत्रप्रती करणे उचित वापरात बसते असा निकाल दिला. जपानने २००९ साली सूट दिली होती, ती २०१८ च्या दुरुस्तीने आणखी रुंदावली. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात दोन वाटा केल्या. विद्यापीठे, संशोधनसंस्था, ग्रंथालये यांना शास्त्रीय संशोधनासाठी दिलेली सूट करारानेही हिरावून घेता येत नाही. इतरांनाही सूट आहे, पण मूळ मालकाने तसे जाहीर बजावले असेल तर ती लागू होत नाही. आपला कायदा १९५७ चा. त्याच्या ५२ व्या कलमात खासगी अभ्यास व संशोधनासाठी उचित वापराची आणि शिकताना-शिकवताना मजकूर उतरवण्याची मोकळीक आहे. पण तो कायदा झाला तेव्हा यंत्र वाचू लागेल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयात विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स दुकानाच्या खटल्याचा निकाल लागला. परदेशी प्रकाशकांची तक्रार होती की अभ्यासक्रमातील पुस्तकांची प्रकरणे तेथे एकत्र बांधून दिली जातात. न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या शिकण्याच्या गरजेला या कलमाचा आधार आहे असे मानले. मी तो वृत्तान्त वाचला तेव्हा माझ्या वहीवरचे अर्धे ओझे उतरल्यासारखे झाले.

अर्धेच. कारण जॉन्सनच्या आयुष्याला दुसरी बाजू आहे, आणि ती झाकून ठेवली तर त्याच्यावर अन्याय होईल. तो स्वतः लेखणीवर पोट भरणारा माणूस होता. कोश निघाला तेव्हा १५०० गिनी केव्हाच संपल्या होत्या. कोशाचे मालक पुस्तकविक्रेते; जॉन्सनच्या हाती कीर्ती तेवढी उरली. १७५६ च्या मार्चमध्ये, देशभर नाव झालेल्या या माणसाला पाच पाउंड अठरा शिलिंगांच्या कर्जापायी अटक झाली. कादंबरीकार रिचर्डसनने पैसे पाठवून त्याला सोडवले. १७५९ साली आई वारली, तेव्हा तिच्या अंत्यविधीचा आणि देण्याघेण्याचा खर्च भागवण्यासाठी त्याने रासेलस ही कथा झपाट्याने लिहून काढली. १७६२ साली राजाकडून वर्षाला ३०० पाउंड सुरू झाले तेव्हा कुठे त्याला स्वास्थ्य लाभले. अशा माणसाला लेखकाच्या भाकरीची किंमत कुणी शिकवायची?

म्हणूनच एडिंबरोचा डोनाल्डसन नावाचा विक्रेता जुनी पुस्तके स्वस्तात छापून लंडनमध्ये विकू लागला, तेव्हा १७६३ साली जॉन्सन त्याच्यावर संतापला होता. हा मनुष्य गरिबांना स्वस्त पुस्तके देतो असे लोक म्हणत; जॉन्सनला तो भागीदारांच्या घरावर दरोडा वाटला. त्याच वेळी मुदतीचा कायदा फार आखूड आहे, ती वाढवायला हवी, असेही त्याचे मत होते. डोनाल्डसनचे प्रकरण कवी टॉमसनच्या काव्यावरून थेट उमरावांच्या सभेपर्यंत गेले. २२ फेब्रुवारी १७७४ रोजी निकाल लागला : प्रसिद्ध पुस्तकावर अनंत काळचा हक्क नाही, कायद्याने दिलेली मुदत संपली की पुस्तक सर्वांचे.

या निकालानंतर दोनच आठवड्यांनी जॉन्सनने आपल्या मुद्रक मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याचा जन्मभराचा विचार पिकलेला दिसतो. लेखकाने निर्माण केलेल्या वस्तूवर त्याचा हक्क आहे, हे तो मान्य करतो. पण तो हक्क कायमचा राहिला तर ज्ञान अडून बसेल. जुन्या ग्रंथांवर टीपा लिहायच्या, चुका सुधारायच्या, तर मालकाच्या मर्जीवाचून काही चालणार नाही. येथे १७४५ चा शेक्सपिअर त्याला आठवला असेल काय? म्हणून लेखकाच्या हयातीपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर तीस वर्षे हक्क असावा, पुढे तो लोकांचा व्हावा, असे त्याने सुचवले. आज आपल्या कायद्यात हीच मुदत मृत्यूनंतर साठ वर्षे आहे.

निकालाने लंडनचे विक्रेते घाबरून गेले, पण त्यातून एक उत्तम फळ निघाले. स्वस्त काव्यसंग्रहांशी स्पर्धा करायची तर आपल्या आवृत्तीत काही नवे हवे, म्हणून १७७७ साली ते जॉन्सनकडे आले आणि प्रत्येक कवीचे अल्पचरित्र लिहून मागितले. त्याने फक्त २०० गिनी मागितल्या. १७७९ ते १७८१ या काळात निघालेली ही कविचरित्रे त्याच्या उत्तरायुष्यातील सर्वांत मोठे काम ठरली. कुलूप निघाले म्हणून दुकान बुडाले नाही. उलट दुकानदाराला नवा माल करावा लागला. १३ डिसेंबर १७८४ रोजी जॉन्सन वारला आणि वेस्टमिन्स्टर ॲबेत विसावला.

त्याच्या विचाराचे एक फळ आपल्या दारातही पडले आहे. रासेलसचे मराठी भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभले आणि विष्णुशास्त्र्यांनी पुरे केले. विष्णुशास्त्र्यांनी निबंधमालेतून जॉन्सनचे चरित्रही मराठी वाचकांना सांगितले. जॉन्सनला जाऊन तेव्हा नव्वदएक वर्षे होत आली होती. त्याच्या पुस्तकावर कुणा दुकानदाराची मालकी उरली नव्हती. अनंत काळचा हक्क मान्य झाला असता, तर पुण्यात बसून ते काम करणाऱ्या बापलेकांना लंडनच्या एखाद्या पेढीचे उंबरठे झिजवावे लागले असते!

आणखी एक प्रसंग सांगून थांबते. जॉन्सनचे वडील उटॉक्सेटर गावच्या बाजारात पुस्तकांचे दुकान मांडत. एकदा आजारी असताना त्यांनी मुलाला तेथे जायला सांगितले. मुलाने अहंकाराने नकार दिला. सुमारे पन्नास वर्षांनी, नावारूपाला आलेला वृद्ध जॉन्सन त्या बाजारात गेला आणि जेथे वडिलांचे दुकान असे तेथे पावसात उघड्या डोक्याने प्रायश्चित्त म्हणून उभा राहिला. गेल्या वर्षी अण्णा चुन्याच्या हातांनी मला भेटायला फाटकापाशी आले होते, तेव्हा मी त्यांना घाईने कोपऱ्यात नेले होते. पन्नास वर्षे थांबण्याची माझी इच्छा नाही, म्हणून ते येथेच लिहून टाकते.

अण्णांनाच मी शेवटी चोरीचा प्रश्न विचारला. ते शाळेत गेलेले नाहीत. ते म्हणाले की गवंडी दुसऱ्याची भिंत पाहूनच भिंत बांधायला शिकतो; ओळंबा कसा धरला, सांधा कसा बसवला, हे पाहायचे पैसे कुणी मागत नाही आणि मागू नयेत. पण कुणाच्या भिंतीची वीट काढून आपल्या भिंतीत बसवली, तर ती चोरी. लॉर्ड हार्डविक यांचा निकाल मला इतक्या थोड्यात समजला नव्हता.

तेव्हा माझा निवाडा मी स्वतःच करते. ग्रंथालयात बसून मी उतरवलेली वही ही भिंत पाहणे होते. तिची मला लाज नाही. पण पहिल्या वर्षी एका निबंधात मी त्याच पुस्तकातील दोन परिच्छेद जसेच्या तसे, ग्रंथकाराचे नाव न देता घातले होते आणि त्यावर चांगले गुणही मिळवले होते. ती वीट होती. त्या मुलाचा प्रश्न मला इतका का लागला, ते आता कळते. लाखावर उतारे घेणाऱ्या जॉन्सनने उताऱ्याखाली लेखकाचे नाव लिहिण्याचा शिरस्ता ठेवला, आणि मला दोन परिच्छेदांखाली एक नाव लिहिणे जड गेले होते. मी तसे सरांना सांगितले आहे. त्यांनी तो निबंध मला पुन्हा लिहायला लावला. या वेळी गुण कमी पडले. पण भिंत माझी आहे.